वय झाले, की बसणे झाले?

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. सकाळी सहाच्या सुमारास तेथे गेले तर दोन प्रकारची वयस्कर माणसे दिसतात. काही जण सत्तरी ओलांडूनही, मध्ये एखाद-दुसऱ्या ठिकाणी दम खात, वर जात असतात. काही जण पायथ्याशी कट्ट्यावर बसलेले असतात. "आता कुठलं चढणं, वय झालं आमचं," असे ते म्हणतात. दोघांची वये विचारली तर बहुधा फारसा फरक निघत नाही.

हे पाहून आपण पटकन म्हणतो, 'चढणारे रोज चढतात म्हणून ते असे धडधाकट आहेत.' पण उलटेही असू शकेल. मुळात ज्यांची प्रकृती चांगली, गुडघे शाबूत, तेच चढत असतील. ज्यांचे काही दुखते-खुपते ते खाली बसत असतील. म्हणजे चढण्यामुळे तब्येत, की तब्येतीमुळे चढणे? नुसते पाहून याचे उत्तर मिळत नाही. आणि उत्तर तर हवे आहे, कारण त्यावर एक अगदी व्यवहारातला निर्णय अवलंबून आहे. निवृत्त झालेल्या शिक्षकाने पुढची वीस-पंचवीस वर्षे कशी घालवावीत? घरातली मंडळी म्हणतात, "आयुष्यभर उभं राहून शिकवलंत, आता निवांत बसा." हा सल्ला मायेचा आहे यात शंका नाही. तो हिताचा आहे का?

हे उत्तर शोधण्याचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. तो लंडनच्या बसमध्ये सुरू होतो आणि वाटेत कपड्यांची मापे, गोदीतले हमाल, पाच विद्यार्थ्यांचा बिछाना आणि नव्वदीतल्या माणसांचे वजन उचलणे अशा चमत्कारिक ठिकाणांहून जातो. विज्ञानात पुरावा कसा उभा राहतो, हे मुलांना सांगायलाही तो उपयोगी आहे.

जुने शहाणपण, जुनी भीती

व्यायाम चांगला, हे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. सुश्रुतसंहितेत व्यायामावर सविस्तर विवेचन आहे. व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही, असे तेथे म्हटले आहे. तेवढ्यावर न थांबता वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून, आणि तोही आपल्या ताकदीच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा असा इशाराही दिला आहे. ही निम्मी ताकद कशी ओळखायची? श्वास तोंडावाटे येऊ लागला की ती मर्यादा आली असे समजायचे. चालताना बोलता येत असेल तर वेग बेताचा आहे आणि बोलणे तुटू लागले तर तो जोराचा आहे, ही आजचे डॉक्टर सांगतात ती खूणही याच जातीची आहे.

पण शहाणपण आणि पुरावा यांत फरक असतो. महर्षी कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, गेले. फर्ग्युसन कॉलेजातले शिकवणे आणि हिंगण्याचा आश्रम यांच्यामधले अंतर ते पायी तुडवत. हे उदाहरण सांगितले की कोणीतरी लगेच म्हणतो, "आमचे आजोबा रोज विड्या ओढायचे, घराबाहेर पडायचे नाहीत, तेही नव्वद वर्षे जगले." दोन्ही उदाहरणे खरी असतील. दोन्हींपैकी एकही पुरावा नव्हे. एकेका माणसाकडे पाहून काहीही सिद्ध करता येते, म्हणून तुलना करायला हवी ती गटांची.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर वैद्यकाचा कल विश्रांतीकडेच होता. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी १९२७ साली 'आळशी माणसे सर्वांत जास्त का जगतात' अशा आशयाच्या मथळ्याचा लेख बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात लिहिला. जगण्याचा वेग जितका जास्त तितके आयुष्य लवकर संपते, असे त्यांचे मत होते. जणू जन्मतः ठरावीक इंधन मिळते आणि ते जपून वापरायचे असते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला तर कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा रोग्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडस मानले गेले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडू-फिरू देऊन पुन्हा कामावर पाठवले, ही जगभर गाजलेली बातमी होती.

अशा काळात एका डॉक्टरने बसच्या जिन्याकडे पाहिले.

दुमजली बसचा जिना

जेरी मॉरिस यांचा जन्म १९१० साली लिव्हरपूल येथे झाला आणि बालपण ग्लासगोमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय विभागात होते आणि त्या काळात काही वर्षे भारतातही होते. युद्धानंतर १९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने 'सामाजिक वैद्यक' या विषयाचे एक छोटे पथक स्थापन केले, ते त्यांच्याकडे आले. त्या वेळी ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हते. माणसाच्या कामाशी याचा काही संबंध आहे का, हे मॉरिस यांना पाहायचे होते.

तुलनेसाठी त्यांना असे दोन गट हवे होते की ज्यांत बाकी सर्व जवळपास सारखे, फक्त काम वेगळे. लंडनच्या दुमजली बसने ती सोय करून दिली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वस्तीतले, एकाच पगारमानातले, एकाच बसमध्ये दिवस काढणारे. पण ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून काढी आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिन्यावरून खाली-वर करी. मुंबईच्या जुन्या दुमजली डिझेल बसगाड्या २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. त्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना चालत्या बसमधला तो अरुंद, वळणाचा जिना आठवत असेल. लंडनचा कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. पर्वतीच्या हिशेबात सांगायचे, तर दिवसातून पाच ते सात वेळा पर्वती!

३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण दरवर्षी हजारी २.७ होते, तर कंडक्टरांमध्ये १.९. शिवाय कंडक्टरांमध्ये हा विकार उशिरा दिसे आणि तो कमी घातक असे. झटक्यासरशी येणारा मृत्यू ड्रायव्हरांमध्ये बराच जास्त होता.

हे आकडे १९४९ सालीच हाती येऊ लागले होते. मॉरिस यांनी ते लगेच छापले नाहीत. कदाचित ड्रायव्हरला वाहतुकीचा ताण असेल, त्याचा तर हा परिणाम नसेल? म्हणून त्यांनी वेगळ्याच खात्यातली माणसे घेतली. टपाल खात्यात पायी किंवा सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात बसून काम करणारे कारकून व टेलिफोन चालक यांची तुलना केली. तेथेही तेच दिसले. फिरणाऱ्यांना हृदयविकार कमी, बसणाऱ्यांना जास्त. मग १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पँटच्या मापांनी काढलेली शंका

पर्वतीच्या पायथ्याशी आपल्याला पडलेली शंका येथेही लागू पडते. मुळातच सुटलेल्या अंगाची, संथ माणसे ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील आणि चपळ माणसे कंडक्टरची, तर? मग फरक कामाचा नव्हे, माणसांचा.

मॉरिस यांनी ही शंका स्वतःच पुढे नेली. नोकरीला लागताना माणसे कशी होती हे मागाहून कसे कळणार? पण बस कंपनी कर्मचाऱ्यांना गणवेश शिवून देत असे आणि त्याच्या मापांची नोंद ठेवत असे. ते कागद मिळवून मॉरिस यांनी कमरेची मापे तपासली. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरांची पँट कंडक्टरांच्या पँटपेक्षा रुंद होती. तरुण, नव्याने लागलेल्या ड्रायव्हरांचीसुद्धा! म्हणजे शंकेत तथ्य होते. दोन गट अगदी एकसारखे नव्हते. पुढच्या काळात ड्रायव्हरांचा रक्तदाब आणि रक्तातले कोलेस्टेरॉलही जास्त असल्याचे आढळले.

आपल्याच निष्कर्षाला अडचणीत आणणारा पुरावा स्वतः शोधून तो स्वतःच छापणे, हे या इतिहासातले मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. मुलांना आपण प्रयोगवहीत 'अपेक्षित' उत्तर लिहायला लावतो, तेव्हा नेमके हेच विसरतो.

गोदीतले हमाल, हार्वर्डचे पदवीधर

ही गाठ थोडी सैल केली ती अमेरिकेतील राल्फ पॅफेनबार्गर यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतील ६,३५१ कामगारांच्या नोंदी त्यांनी १९५१ पासून २२ वर्षे पाहिल्या. या गोदीत एक नियम होता. नव्या कामगाराला पहिली काही वर्षे जहाजातला माल उचलण्याचे जड काम करावेच लागे, हलके काम नंतर मिळे. म्हणजे सुरुवातीला सारेच ओझी उचलू शकणारे होते. शिवाय कोण केव्हा हलक्या कामावर गेला याची दरवर्षी नोंद होत असे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात जड काम करत राहिलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू इतरांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते.

तोवर जग बदलत होते. ओझी यंत्रे उचलू लागली, माणसे टेबलाशी बसू लागली. कामातून व्यायाम होण्याचे दिवस सरले, तर फावल्या वेळातल्या व्यायामाने ती उणीव भरून निघते का? मॉरिस यांनी ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतील ४० ते ६४ वयाचे सुमारे १७,००० अधिकारी निवडले. सारेच बैठे काम करणारे. सोमवारी सकाळी, आधी काही न सांगता, त्यांच्याकडून मागच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केले ते लिहून घेतले. जे पोहत, भराभर चालत, बागेत खणत किंवा मैदानी खेळ खेळत, म्हणजे ज्यांना दम लागेल अशी हालचाल होई, त्यांच्यात पुढील वर्षांत हृदयविकार निम्म्याहून कमी आढळला.

पॅफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास केला आणि तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठाकडे त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदीही होत्या. कोण कॉलेजात असताना खेळाडू होता हे त्यावरून कळत होते. तेव्हा मैदान गाजवणारे आणि पुढे खुर्ची धरून बसलेले जे होते, त्यांना जुन्या खेळाचा काहीही फायदा मिळालेला दिसला नाही. उलट कॉलेजात कधी मैदानावर न गेलेले, पण पुढे नेमाने चालू-फिरू लागलेले लोक फायद्यात होते. ब्रिटनच्या अधिकाऱ्यांमध्येही हेच आढळले.

या निष्कर्षाने दोन गोष्टी साधल्या. एक तर 'मुळात काटक असणारेच व्यायाम करतात' या आक्षेपाची धार बोथट झाली. कॉलेजातले खेळाडू मुळात काटकच होते, पण व्यायाम सुटल्यावर त्यांचा काटकपणा कामी आला नाही. दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या कामाची आहे. व्यायाम पतपेढीत ठेवता येत नाही. 'तरुणपणी आम्ही रोज शंभर जोर काढत होतो' या ठेवीवर साठाव्या वर्षी व्याज मिळत नाही. आणि उशिरा सुरुवात करणाऱ्याला दारही बंद होत नाही.

पॅफेनबार्गर यांनी आपलाच निष्कर्ष मनावर घेतला. १९६७ साली, पंचेचाळिशीत, ते धावू लागले आणि पुढे दीडशेहून अधिक मॅरेथॉन व त्याहून लांबच्या शर्यती धावले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्रीडाविज्ञानाचे पहिले पारितोषिक मॉरिस आणि पॅफेनबार्गर यांना विभागून दिले.

तीन आठवडे आणि तीस वर्षे

आतापर्यंतचे सारे अभ्यास रोगाचे आणि मृत्यूचे होते. पण वय झाले म्हणजे नेमके काय होते? दम लवकर लागतो, पायांत बळ राहत नाही. यातले किती वयामुळे आणि किती बसण्यामुळे?

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात एक प्रयोग झाला. बेंग्ट साल्टिन, जेरे मिचेल, गुन्नार ब्लॉमक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशीतले पाच निरोगी तरुण घेतले आणि त्यांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. आधी आणि नंतर त्यांची एक महत्त्वाची क्षमता मोजली. जिवाच्या आकांताने धावताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही ती क्षमता. फुप्फुसे हवा घेतात, हृदय रक्त पुढे ढकलते, स्नायू त्यातला प्राणवायू काढून घेतात; या साऱ्या साखळीची ताकद या एका आकड्यात येते. सुरुवातीला ती मिनिटाला सरासरी ३.३ लिटर होती. तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर ती २.४ लिटरवर आली, म्हणजे जवळजवळ २७ टक्के घट. नंतर आठ आठवडे व्यायाम केल्यावर ती पूर्वीपेक्षाही वर गेली.

प्रयोगाचा खरा रंग तीस वर्षांनी चढला. १९९६ साली त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते, शरीरातली चरबी दुप्पट झाली होती. आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता? ती विशीतल्या आकड्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरली. तीस वर्षांच्या आयुष्याने जे नुकसान केले नव्हते, ते तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते!

मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला. चालणे, सावकाश धावणे आणि जागच्या जागी सायकल चालवणे. शेवटी शेवटी हा व्यायाम आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास गेला. सहा महिन्यांनी त्यांची क्षमता विशीत अंथरुण धरण्यापूर्वी होती तेथे परतली.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, माणसे फक्त पाच होती, आणि पाचही पुरुष. दुसरी, वय हे काही थोतांड नाही. पन्नाशीतल्या हृदयाची कमाल गती विशीतल्यापेक्षा कमीच राहिली. व्यायामाने हृदय एका मिनिटात ढकलत असलेले जास्तीत जास्त रक्त वाढले नाही. जी सुधारणा झाली ती स्नायूंकडे झाली. येणाऱ्या रक्तातून ते अधिक प्राणवायू काढून घेऊ लागले. आणि विशीतल्या व्यायामानंतर गाठलेली उंची पन्नाशीत कोणालाच गाठता आली नाही. म्हणजे उतार आहे, पण आपण समजतो तेवढा तो तीव्र नाही. बरीचशी घसरण बसण्याच्या खात्यातली आहे आणि आपण ती वयाच्या नावावर लिहितो.

नव्वदीतले विद्यार्थी

पन्नाशीचे ठीक आहे, पण ऐंशी-नव्वदीत काय? १९९० साली मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. तोही जुजबी नव्हे, ज्याच्या त्याच्या ताकदीच्या मानाने चांगला जड. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी वाढला. दोघांनी चालताना काठी घेणे सोडले. पुढे चार आठवडे व्यायाम थांबवला तेव्हा ताकद पुन्हा ३२ टक्क्यांनी घसरली. साठा होत नाही, हा हार्वर्डचा धडा येथेही खरा ठरला.

ताकद मांडीच्या स्नायूपेक्षा इतकी जास्त कशी वाढली? कारण स्नायू असूनही तो पुरता वापरला जात नव्हता. मेंदूकडून येणारी आज्ञा त्यातल्या सर्व तंतूंपर्यंत पोहोचायला लागली की ताकद आधी वाढते आणि आकार मागाहून. न वापरलेल्या स्नायूला काम काय असते ते पुन्हा शिकवावे लागते. आपल्याला, शिक्षकांना, ही कल्पना परकी वाटू नये.

चिठ्ठ्या टाकून

तरीही कडक परीक्षा राहिलीच होती. माणसे आपणहून चालणारी आणि न चालणारी अशी वाटली जातात, तोवर शंका उरतेच. त्यावर उपाय एकच. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. अमेरिकेत आठ ठिकाणी ७० ते ८९ वयाचे, पाय लटपटू लागलेले पण अजून ४०० मीटर चालू शकणारे १,६३५ स्त्री-पुरुष निवडले गेले. चिठ्ठी टाकून निम्म्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला, आठवड्याला १५० मिनिटांचे उद्दिष्ट ठेवून, जोडीला पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. उरलेल्यांना आरोग्यावरची व्याख्याने. सरासरी अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ लक्ष ठेवल्यावर व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोक ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावून बसले होते; चालणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. फरक डोळे दिपवणारा नाही. पण तो चिठ्ठीने पडलेल्या गटांमधला आहे, म्हणून भरवशाचा आहे.

याने आयुष्य वाढते का? नॉर्वेतील ट्रॉन्हेम येथे ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांवर पाच वर्षे असाच प्रयोग झाला. २०२० साली आलेल्या निष्कर्षात व्यायामाचा खास कार्यक्रम दिलेले आणि न दिलेले यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. मात्र तुलनेसाठी ठेवलेला गटही घरी बसलेला नव्हता, तोही बऱ्यापैकी हिंडता-फिरता होता. तेव्हा चालल्याने अमुक वर्षे जास्त मिळतील असे वचन कोणी देऊ नये. पुराव्याच्या बळावर सांगता येते ते एवढेच, की चालत राहिल्याने चालण्याची क्षमता टिकण्याची शक्यता वाढते. विचार केला तर ही लहान गोष्ट नाही. स्वतःच्या पायांनी बाजारात, शाळेत, मित्राकडे जाता येणे म्हणजेच म्हातारपणातले स्वातंत्र्य.

मोकळ्यावर, पायी

मग किती चालावे? 'रोज दहा हजार पावले' हा आकडा सर्वतोमुखी आहे. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे उपकरण बाजारात आणले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. आकडा गोल होता, तो चिकटला. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावले उपकरणाने मोजून अभ्यास केला. मॉरिस आणि पॅफेनबार्गर यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत सारे पुरुषच होते, ही उणीव यात भरून निघाली. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांच्या मानाने ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. फायदा ७,५०० च्या आसपासपर्यंत वाढत गेला आणि पुढे स्थिरावला. हवाई बेटांवरील ६१ ते ८१ वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या ७०७ निवृत्त पुरुषांच्या अभ्यासातही (१९९८) दिवसाला दीड किलोमीटरसुद्धा न चालणाऱ्यांत, बारा वर्षांतील मृत्यू तीन किलोमीटरहून जास्त चालणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. हे दोन्ही अभ्यास पाहणीचे आहेत, चिठ्ठीचे नव्हेत, हे वाचकांच्या आता लक्षात आलेच असेल.

घरातल्या फरशीवर फेऱ्या मारण्यापेक्षा बाहेर पडण्यात थोडे अधिक मिळते. वाट उंचसखल असते, त्यामुळे घोटे, डोळे आणि कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय यांना एकत्र काम करावे लागते. चढावर हृदयाला काम मिळते, उतारावर मांड्यांना. अंगावर ऊन पडते, ओळखीचे भेटतात. पण हेही विसरू नये की आपल्याकडे अनेकांना श्रम कमी पडत नाहीत. शेतात वाकून राबणारी साठीची बाई किंवा पाठीवर पोती वाहणारा हमाल यांना व्यायामाचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. त्यांची निकड पोटभर अन्न, विश्रांती आणि औषधोपचार यांची आहे. हा लेख आहे तो खुर्चीवर पगार मिळवणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांनी शांत बसून एक मिनिट नाडी मोजावी, शाळेचा जिना दोनदा चढून-उतरून पुन्हा मोजावी आणि ती मूळ आकड्यावर यायला किती मिनिटे लागतात ते लिहावे. शिक्षकांनीही आपला आकडा फळ्यावर लिहावा. महिनाभर रोज जिना चढून पुन्हा मोजावे. घरी आजी-आजोबांना, त्यांची इच्छा आणि प्रकृती असेल तर, हात न टेकता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजावे. जवळ कोणीतरी उभे असावे. ज्यांना छातीत दुखते, चक्कर येते किंवा मोठा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मग वर्गात प्रश्न विचारावा: ज्यांचे आकडे चांगले आले ते रोज चालतात म्हणून, की चांगली प्रकृती आहे म्हणून चालतात? हे आपण कसे ठरवू?

जेरी मॉरिस नव्वदी ओलांडल्यावरही पोहत आणि चालत असत. २००९ साली ते वारले तेव्हा शंभरी गाठायला त्यांना सहा-सात महिने कमी होते. अर्थात हे एकच उदाहरण आहे, आणि एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. पण पर्वतीच्या पायथ्याशी कट्ट्यावर बसलेल्या गृहस्थांना आता एक गोष्ट खात्रीने सांगता येईल. शंभर पायऱ्या आज जमणार नसतील, तर दहा चढून परत यावे, आणि उद्या पुन्हा यावे.